गोळी सुरू होते, थांबवायचं कोण ठरवतं?

नैराश्यावरची गोळी लिहून दिली की पेशंट दोन प्रश्न हमखास विचारतो. 'किती दिवस घ्यायची?' आणि 'सवय तर लागणार नाही ना?' पहिल्याला बहुतेक वेळा 'आधी सुरू तर करा, मग बघू' असं उत्तर मिळतं आणि दुसऱ्याला 'छे, अजिबात नाही'. दोन्ही उत्तरं धीर देण्यासाठी असतात आणि दोन्ही अपुरी असतात. ही औषधं बाजारात येऊन साठ वर्षं उलटून गेली. ती सुरू कशी करायची यावर या काळात ढीगभर संशोधन झालं. ती थांबवायची कशी, हा प्रश्न मात्र गेल्या सात-आठ वर्षांतच ऐरणीवर आला. दोन्ही बाजूंचा पुरावा एकत्र ठेवून पाहिला की एक गोष्ट ठळक दिसते. सुरू करणं आणि थांबवणं हे दोन वेगळे निर्णय नाहीत. थांबवण्याचा आराखडा पहिल्या चिठ्ठीच्या वेळीच व्हायला हवा, आणि नेमका तोच होत नाही.

टीबीच्या वॉर्डातून

या औषधांचा जन्म अपघाताने झाला. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात टीबीच्या रुग्णांवर इप्रोनियाझिड वापरून पाहत होते. फुप्फुसं सुधारायच्या आधीच रुग्णांचा मूड सुधारला. खाटेला खिळलेली माणसं उठून हसू-खेळू लागली. स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून स्किझोफ्रेनियासाठी इमिप्रामिन तपासत होते. त्या आजारावर ते फारसं लागू पडलं नाही, पण खोल नैराश्यातली माणसं बोलायला लागली. कून यांनी १९५७ मध्ये ही निरीक्षणं प्रसिद्ध केली. पुढे १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मंजुरी मिळाली आणि एसएसआरआय, म्हणजे मेंदूत सेरोटोनिनचं शोषण रोखणाऱ्या गटातली औषधं जगभर पसरली. आज आपल्याकडे सर्रास लिहिली जाणारी एस्सिटालोप्राम आणि सर्ट्रालीन याच गटातली.

याच इतिहासातलं एक पान मात्र फारसं कुणी उलटत नाही. इमिप्रामिन अचानक बंद केल्यावर रुग्णांना मळमळ, चक्कर, अशक्तपणा असा त्रास होतो, हे १९६१ मध्येच अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या प्रमुख नियतकालिकात छापून आलं होतं. म्हणजे माहिती औषधाइतकीच जुनी होती. तिच्याकडे लक्ष द्यायला पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं लागली.

फायदा नेमका किती?

'मेंदूतलं सेरोटोनिन कमी झालंय, गोळीने भरून निघेल' हे स्पष्टीकरण सोपं आहे, म्हणून ते दवाखान्यापासून व्हॉट्सअॅपपर्यंत सगळीकडे चालतं. १९६० च्या दशकात ती एक शक्यता म्हणून मांडली गेली होती. २०२२ मध्ये जोआना मोनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध पुराव्याचा धांडोळा घेतला, तेव्हा नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता असं सांगायला भक्कम आधार सापडला नाही. यावरून काहींनी 'मग गोळ्या थोतांड' असा निष्कर्ष काढला, तोही चुकीचाच. औषध का चालतं हा एक प्रश्न आणि चालतं का हा दुसरा.

दुसऱ्या प्रश्नाचं सर्वांत मोठं उत्तर २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. आंद्रेआ चिप्रियानी यांच्या गटाने ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांची माहिती एकत्र केली. तपासलेली २१ च्या २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. पण सरसपणाचं माप बेताचं होतं. ढोबळमानाने सांगायचं तर खोट्या गोळीवर शंभरातली २० ते ४० माणसं काही आठवड्यांत बरीच सुधारतात आणि खऱ्या गोळीवर ४० ते ६०. म्हणजे खास औषधामुळे सुधारणारे शंभरात वीसेक. त्यातही या चाचण्या बहुतेक आठ आठवड्यांच्या. गोळी मात्र लोक वर्षानुवर्षं घेतात.

छापील पुराव्यालाही चाळण लागलेली असते. एरिक टर्नर यांनी २००८ मध्ये एफडीए या अमेरिकी औषध नियामक संस्थेकडे नोंदलेल्या ७४ चाचण्या आणि प्रत्यक्ष प्रसिद्ध झालेले निबंध शेजारी ठेवले. औषधाच्या बाजूने गेलेल्या ३८ पैकी ३७ छापून आल्या होत्या. बाजूने न गेलेल्या किंवा संदिग्ध अशा ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नव्हत्या आणि ११ अनुकूल वाटाव्यात अशा मांडल्या गेल्या होत्या.

या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ असा, की सौम्य नैराश्यात गोळीची घाई नको. तिथे समुपदेशन, व्यायाम, झोपेची शिस्त यांनी सुरुवात करणं बहुतेक मार्गदर्शक तत्त्वांना मान्य आहे. मध्यम आणि तीव्र नैराश्यात, जिथे माणूस अंथरुणातून उठत नाही, जेवत नाही, मरणाचे विचार करतो, तिथे गोळी टाळणं हा शहाणपणा नाही.

पहिले काही आठवडे

सुरुवातीचा काळ उलटा असतो. त्रास आधी, गुण नंतर. पहिल्या आठ-दहा दिवसांत मळमळ, जुलाब, डोकेदुखी, बेचैनी, झोपेचा खेळखंडोबा होतो. मनाला उतार पडायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. 'गोळीने उलट जास्तच झालं' म्हणून पाकीट कोपऱ्यात फेकलं जातं ते याच मधल्या दिवसांत. म्हणून बरेच डॉक्टर एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्याने १० वर नेतात. पोटाचा त्रास सहसा ओसरतो. लैंगिक इच्छा कमी होणं, वेळ लागणं हे मात्र टिकून राहू शकतं आणि त्याबद्दल आपल्याकडे ना पेशंट बोलतो ना डॉक्टर विचारतात. गोळी गुपचूप सोडण्यामागे हेही एक कारण असतं.

चिठ्ठी लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासायलाच हव्यात. पहिली, पूर्वी कधी अति उत्साहाचा, झोपेची गरजच न वाटण्याचा, पैसे उधळण्याचा काळ आला होता का? तसं असेल तर तो बायपोलर आजार असू शकतो आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीने माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. दुसरी गोष्ट वयाची. १८ वर्षांखालच्यांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा एफडीएने २००४ मध्ये दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. म्हणून पहिले काही आठवडे घरच्यांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं आणि डॉक्टरांनी लवकर फेरतपासणीला बोलवायचं.

तिसरी गोष्ट इतर औषधांची. अंगदुखीवरचं ट्रॅमाडॉल सोबत चालू असेल तर शरीरात सेरोटोनिनचा भडका उडण्याचा धोका असतो. घाम, थरथर, ताप, गोंधळ अशी लक्षणं दिसली तर तडक हॉस्पिटल गाठावं लागतं. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर दिलं जाणारं लिनेझोलिडही याच यादीत आहे, आणि टीबीचं ओझं वाहणाऱ्या आपल्या देशात हे विसरून चालणार नाही. टीबीच्या डॉक्टरांना मनाच्या गोळीबद्दल सांगायला लाजू नये. आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिनसोबत पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, आणि वयस्कर माणसांत सोडियम घसरून अचानक बडबड, तोल जाणं असं होऊ शकतं.

थांबवताना काय होतं?

दारू किंवा अफूसारखी ओढ या गोळ्यांची लागत नाही. डोस वाढवत नेण्याची तल्लफ येत नाही. त्या अर्थाने 'सवय लागत नाही' हे खरं. पण शरीर औषधाला सरावतं आणि ते काढून घेतलं की कुरकुर करतं, हेही तितकंच खरं. चक्कर, मळमळ, फ्लूसारखं अंग मोडणं, भडक स्वप्नं, चिडचिड, कारण नसताना रडू येणं, आणि डोळे फिरवले की डोक्यात क्षणभर करंट लागल्यासारखं होणं ही त्याची ओळख. हा करंटचा अनुभव इतका विचित्र असतो की कित्येक जण वेडे ठरू या भीतीने तो सांगतच नाहीत.

हा त्रास किती जणांना होतो, यावरून मोठा वाद झाला. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शनात तो सहसा सौम्य आणि साधारण आठवड्याभरात आपोआप शमणारा म्हटला होता. २०१८ मध्ये जेम्स डेव्हिस आणि जॉन रीड यांनी निम्म्याहून अधिक, ५६ टक्के लोकांना त्रास होतो असं मांडलं. त्यांच्या आकड्यांत ऑनलाइन पाहण्यांचाही समावेश होता आणि अशा पाहण्यांत ज्यांना त्रास झाला तेच जास्त बोलतात, म्हणून टीका झाली. पण त्या गदारोळातून हालचाल झाली. २०१९ मध्ये ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आपली भूमिका बदलली आणि काहींना हा त्रास तीव्र आणि दीर्घ असू शकतो, हे मान्य केलं. त्याच वर्षी 'नाइस'नेही आपला मजकूर सुधारला.

२०२४ मध्ये हेन्सलर आणि सहकाऱ्यांनी ७९ अभ्यास एकत्र केले. खरी गोळी थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी त्रास सांगितला. गंमत म्हणजे खोटी गोळी थांबवणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांनी सांगितला. वजाबाकी केली तर औषधामुळेच त्रास होणारे सहा-सात जणांत एक, आणि तीव्र त्रास होणारे साधारण ३५ जणांत एक. हे आकडे डेव्हिस-रीड यांच्यापेक्षा पुष्कळ कमी आहेत, पण त्यातले बरेच अभ्यास थोडे महिने औषध घेतलेल्यांवरचे आहेत. पाच-दहा वर्षं गोळी घेतलेल्या माणसाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

औषध कोणतं, यावरही बरंच ठरतं. व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून काही तासांत उतरतं, त्यामुळे एक डोस चुकला तरी संध्याकाळपर्यंत कळतं. पॅरोक्सेटिनही त्रासाच्या बाबतीत बदनाम. उलट फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून शरीरात बनणारा घटक आठवडे रेंगाळतो, त्यामुळे ते स्वतःच हळूहळू उतरतं.

शेवटचे पाच मिलिग्रॅम

डोस उतरवण्याची रूढ पद्धत सरळ आहे. २० वरून १०, १० वरून ५ आणि ५ वरून बंद. कागदावर हे समान टप्पे दिसतात. मेंदूत ते समान नसतात. २०१९ मध्ये मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी 'लॅन्सेट सायकायट्री'मध्ये मेंदूच्या पेट स्कॅनच्या आधारे हे दाखवलं. सिटालोप्रामची ६० मिलिग्रॅमची मात्रा सेरोटोनिन शोषणाऱ्या जागांपैकी सुमारे ८८ टक्के जागा व्यापते. ४० मिलिग्रॅम सुमारे ८६, २० मिलिग्रॅम सुमारे ८० आणि ९ मिलिग्रॅम सुमारे ७० टक्के. साडेपाचच्या आसपास आलो तरी ६० टक्के जागा भरलेल्याच असतात. म्हणजे ६० वरून २० वर उतरताना, तब्बल ४० मिलिग्रॅम कमी करताना, मेंदूला जेमतेम आठ टक्क्यांचा फरक जाणवतो, आणि शेवटचे पाच मिलिग्रॅम सोडताना जवळजवळ ६० टक्क्यांचा. पहिले टप्पे सोपे जातात आणि शेवटी माणूस कोसळतो, याचं कोडं इथे बऱ्याच अंशी सुटतं.

आपल्याकडच्या एस्सिटालोप्रामला हे लावून पाहू. ही गोळी सिटालोप्रामच्या साधारण दुप्पट ताकदीची. ५ मिलिग्रॅमची गोळी मधल्या रेघेवर मोडली की अडीच मिलिग्रॅम होते, आणि तेवढ्यानेही निम्म्याहून अधिक जागा भरतात. पुढची पायरी थेट शून्याची. मग लोक एक दिवसाआड गोळी घ्यायला लागतात. ज्या औषधाची मात्रा दिवसभरातच निम्म्यावर येते, त्याच्या बाबतीत हा उपाय म्हणजे दर दोन दिवसांनी छोटा झटका. फ्लुओक्सेटिनला तो चालून जातो, इतरांना नाही.

यावर तोडगा म्हणजे जसजसा डोस खाली येईल तसतशी पायरी लहान करणं. 'नाइस'चं २०२२ चं मार्गदर्शन आधीच्या डोसच्या ठरावीक प्रमाणात, म्हणजे आधी निम्म्याने आणि खाली आल्यावर पाव भागाने कमी करायला सांगतं, आणि गरज पडल्यास पातळ औषध वापरायला. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टच्या पुढाकाराने पुड्यांच्या पट्ट्या निघाल्या, ज्यात रोजची पुडी आदल्यापेक्षा किंचित कमी मात्रेची असते. अर्थात या संथ पद्धतीच्या बाजूने तर्क जितका भक्कम आहे, तितक्या मोठ्या चाचण्या अजून झालेल्या नाहीत, आणि सगळ्यांना तिची गरजही नसते. जेमतेम दोन-तीन आठवडे गोळी घेतलेल्याला वर्षभराचा आराखडा देण्यात अर्थ नाही. प्रत्येक टप्प्यानंतर थांबून, त्रास पाहून पुढचं पाऊल ठरवायचं. आणि कुठल्या कॅप्सूल उघडायच्या नसतात, कुठल्या गोळ्या मोडायच्या नसतात, हे डॉक्टरांना विचारूनच.

आजार परतला की गोळी सुटली?

गोळी बंद केल्यावर रडू आलं तर 'बघा, आजार परत आला' म्हणून गोळी पुन्हा सुरू होते, आणि माणूस 'आपल्याला ही जन्मभराचीच' असं धरून चालतो. काही वेळा ते खरं असतं, काही वेळा नसतं. फरक ओळखायच्या खुणा आहेत. सोडण्याचा त्रास सहसा काही दिवसांतच सुरू होतो आणि त्यात चक्कर, करंट, मळमळ अशी मूळ आजारात कधीच नसलेली लक्षणं असतात. गोळी परत घेतली की तो दोन-चार दिवसांत निवळतो. आजार परततो तो बहुधा आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, दबक्या पावलांनी, आधीच्या रूपातच, आणि त्यावर गोळी लागू व्हायलाही पुन्हा आठवडे जातात.

परत येण्याचा धोका खराच आहे. ब्रिटनमधली 'अँटलर' ही चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दीर्घकाळ गोळी घेणारे आणि थांबवायचा विचार करण्याइतकं बरं वाटणारे ४७८ जण तिच्यात होते. वर्षभरात गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्के पुन्हा आजारी पडले, थांबवणाऱ्यांपैकी ५६ टक्के. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचता येतात. थांबवल्याने धोका वाढला, हे उघड आहे. पण थांबवणाऱ्यांपैकी शंभरात ४४ जण वर्षभर ठीक राहिले, आणि चालू ठेवणाऱ्यांपैकीही ३९ जणांना गोळीने वाचवलं नाही. म्हणून पहिल्यांदाच नैराश्य आलेल्या, आता पूर्ण बऱ्या माणसाचा हिशेब वेगळा आणि तीन-चार वेळा खोलात गेलेल्या, एकदा आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाचा वेगळा. पहिल्याने बरं वाटल्यानंतर किमान सहा महिने, जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार नऊ ते बारा महिने गोळी घेऊन मग उतरवावी. दुसऱ्याने वर्षानुवर्षं घेतली तर त्यात हार मानण्यासारखं काही नाही.

थांबवताना गोळीच्या जागी काय येतं, हेही मोलाचं. २०१५ च्या एका ब्रिटिश चाचणीत ४२४ जणांपैकी एका गटाने गोळ्या चालू ठेवल्या आणि दुसऱ्याने माइंडफुलनेसवर आधारलेला उपचार घेत त्या उतरवल्या. दोन वर्षांत पुन्हा आजारी पडण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, ४५ टक्क्यांच्या आसपास राहिलं.

आपल्याकडचं चित्र

इंग्लंडमध्ये २०१७-१८ या एका वर्षात ७३ लाख प्रौढांना ही औषधं लिहून दिली गेली, म्हणून तिथली चिंता अतिवापराची. आपली चिंता दुहेरी. निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात (महाराष्ट्र त्या बारांत नव्हता) साधारण वीस जणांत एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य येतं असं दिसलं, आणि नेहमीच्या मानसिक आजारांतल्या ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. लाख लोकसंख्येमागे आपल्याकडे पुरता एक मानसोपचारतज्ज्ञही नाही.

जे पोहोचतात त्यांचं पुढे काय होतं, ते कुठल्याही तालुक्याच्या गावात दिसतं. एक वर्ग दोन महिन्यांत सोडून देतो. 'बरा झालास ना, आता कशाला डोक्याच्या गोळ्या' म्हणणारा काका प्रत्येक घरात असतो. मुलीचं लग्न ठरलं की सासरी कळू नये म्हणून गोळ्या एका रात्रीत बंद होतात. दिवस गेल्याचं कळताच घाबरून बंद होतात, तेही डॉक्टरांना न विचारता. दुसरा वर्ग उलट्या टोकाचा. पाच वर्षांपूर्वीची, घडीवर फाटलेली चिठ्ठी मेडिकलच्या काउंटरवर सरकवायची आणि 'तेच दे, महिन्याचं' म्हणायचं. कायद्याने ही औषधं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, पण चिठ्ठी किती जुनी हे पाहतं कोण?

त्यातच एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेल्या गोळ्या आपल्याकडे भरपूर चालतात. क्लोनाझेपाम हे झोप आणणारं, घबराट शमवणारं औषध आणि त्याची सवय खरोखर लागते. अचानक बंद केलं तर फिटसुद्धा येऊ शकते. पेशंटला वाटतं आपण एकच गोळी सोडतोय. प्रत्यक्षात तो दोन वेगळ्या स्वभावाची औषधं एका फटक्यात सोडत असतो. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचून दोन नावं आहेत का, हे पाहणं कुणालाही जमण्यासारखं आहे.

या चित्रात आशेची जागा गोव्यात आहे. विक्रम पटेल आणि 'संगाथ' या संस्थेने तिथल्या दवाखान्यांत दोन दशकांहून अधिक काळ काम केलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ बैठका घेतल्या. सुटलेली कामं, गाठीभेटी, दिनक्रम पुन्हा हाती घ्यायला लावणं हा त्यांचा गाभा. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपैकी ३९ टक्के.

हे काम आतापर्यंत आजार बरा करण्यासाठी वापरलं गेलं. ते गोळी उतरवतानाच्या सोबतीसाठीही वापरता येईल. दर पंधरवड्याला एक फोन, 'चक्कर आहे का, झोप कशी आहे' एवढी चौकशी आणि त्रास वाढला तर डॉक्टरांकडे रवानगी, याला मोठा खर्च नाही. सरकारचा १४४१६ हा टेलि-मानस क्रमांक २०२२ पासून आहेच. त्यावर मराठीतही बोलता येतं आणि आज एखाद्याला गोळी सोडताना अडचण आली किंवा जिवावर उठणारे विचार आले तर तो लावायला हरकत नाही.

तोवर पेशंटने पहिल्याच भेटीत चार ओळी लिहून मागाव्यात. गोळी कशासाठी, गुण कधी तपासणार, किमान किती महिने, आणि उतरवायची झाली तर कोणत्या टप्प्यांनी. पण सगळा भार पेशंटवर टाकून भागणार नाही. औषध मंजूर करताना ते सुरू करायचा डोस, चालू ठेवायचा डोस आणि जास्तीत जास्त डोस यांचा पुरावा कंपनीकडून मागितला जातो. थांबवायचा डोस मात्र कुणी मागत नाही, म्हणून पाच मिलिग्रॅमच्या खालची गोळी सहसा हाती लागत नाही. आपल्या औषध नियंत्रकांनी नव्या मंजुरीसोबत अर्धा आणि एक मिलिग्रॅमपर्यंत उतरता येईल अशी गोळी किंवा पातळ औषध सक्तीचं केलं, तर त्यातून होणारी सुधारणा कुठल्याही नव्या औषधापेक्षा स्वस्त पडेल.